गोळ्या तू चुकवल्या नव्हत्यास

बाया तुला भाग्यवान म्हणाल्या, शोभा. अंगणात तुला निजवलं होतं, अंगावर हिरवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि त्या दारापाशी उभ्या राहून एकमेकींना सांगत होत्या की नवऱ्याच्या आधी गेली, अहेव गेली, असं मरण मागून मिळत नाही. तू कधी मागितलं होतंस? तुला अक्षताची दहावी बघायची होती. तुला माझ्याकडून त्या मोरपंखी साडीला फॉल लावून घ्यायचा होता. भाग्यवान म्हणे.

आणि भाग्यवान म्हणणाऱ्या त्या बायांपैकी एकही पुढे आली नाही. एरवी अहेव बाई गेली की तिचा मळवट भरायला रेटारेटी होते. तिचं कुंकू आपल्या कपाळी लागावं, आपल्यालाही तसंच जाणं मिळावं म्हणून. तुझ्या वेळेला करंडा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत राहिला आणि सगळ्यांचे डोळे तुझ्या ओठांवर. शेवटी समोरच्या नसीमआपा उठल्या, त्यांनी ओल्या फडक्याने तुझं तोंड पुसून दिलं आणि मी मळवट भरला. दोन्ही हातांनी भरला. नंतर दोघी-तिघींनी मला हळूच सांगितलं, घरी गेल्यावर हात साबणाने नीट धू.

तुझे ओठ भरून आले होते गं. वर खपल्या धरल्या होत्या, आणि एका कडेला नवी गुलाबी कातडी दिसत होती. ज्या फोडांनी तुला वर्षभर घास गिळू दिला नाही, ते बरे व्हायला लागले आणि तू गेलीस. हे मला अजून समजत नाही. समजलं तरी पटायचं नाही.

तुझं-माझं घर एका भिंतीचं. जालन्यात मस्तगडच्या आपल्या गल्लीत मी लग्न होऊन आले तेव्हा चारचौघींत मला तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा, अजून फुटतो. तुला ते चालायचं. तू दोघींचं मिळून बोलायचीस. माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून माझ्या वतीने गिऱ्हाइकांशी भांडायचीस.

मग तुझ्या किडन्या गेल्या. डायलिसिसला जाऊन येऊन तू उसाच्या चिपाडासारखी झालीस. तुझी आई नव्हती, भाऊ हो-नाही करत राहिला, आणि एका दुपारी तुझ्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणते, त्या मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझी घ्या. दोन हायेत, एकीवर भागंल." सासू सुनेला किडनी देते यावर सरकारी कमिटीचा विश्वास बसेना. त्यांनी विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का? मावशी म्हणाल्या, माझ्यावर जबरदस्ती करील असा माणूस अजून जन्मला न्हाई. ही गोष्ट तू मला किती वेळा हसत सांगितलीस. तू म्हणायचीस, आता आत्याबाईंशी भांडता येत नाही, भांडले की आतूनच दुखतं. आणि त्या तुला चहा पिताना बघून म्हणायच्या, माझी किडनी भोकरदनची हाय, तिला असला पांचट चहा चालत न्हाई, बराबर दूध घाल.

म्हणून मावशींवर राग धरताना मला जड गेलं. पण मी धरला. ते तुला लपवून काय करायचं आता.

नवी किडनी शरीराने परकी समजून हाकलू नये यासाठी तुला रोज गोळ्या होत्या. त्या गोळ्या अंगातली राखण झोपवून ठेवतात. मागच्या उन्हाळ्यात तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोड आले तेव्हा मावशी म्हणाल्या, ओठावर जर उठला, अंगातला ताप निघून राह्यला, तूप लाव. असा तापाचा जर आपल्या सगळ्यांनाच उठतो. आपला आठवडाभरात वाळतो. तुझा वाळला नाही. तो ओठावरून हनुवटीवर उतरला, मग आत जिभेवर, टाळूला.

जालन्यातल्या डॉक्टरने त्याला हर्पीस म्हटलं आणि गोळी दिली. पहिल्या वेळेला फोड गेले. परत आले. परत तीच गोळी. मग जाईनात, तर तीच गोळी वाढवून दिली. मी तुझ्यासोबत यायचे म्हणून मला माहीत आहे, तो माणूस मान वर न करता दर वेळी एकच विचारायचा, गोळ्या वेळेवर घेता ना? तू म्हणायचीस, घेते. तो म्हणायचा, घेतल्या असत्या तर बरं वाटलं असतं. झालं. पुढचा पेशंट. मला तेव्हाच ओरडून विचारावंसं वाटायचं की माणूस खोटं बोलतं हे तुम्ही इतक्या लवकर धरून चालता, मग औषध खोटं पडलं असेल हे एकदाही मनात का येत नाही? त्याने एवढंच मनात आणलं असतं, तर उन्हाळ्यात कळलं असतं ते दिवाळीनंतर कळलं नसतं.

शिवाय त्या नावाची घाण. तुझ्या पुतण्याने मोबाईलवर ते नाव शोधलं आणि सगळ्यांसमोर नको ते वाचून दाखवलं. कुणी तुला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस. नुसता तुझा पेला वेगळा झाला आणि विलास भाऊजी तुझी खोली सोडून अंगणात झोपायला लागले. तू माझ्याकडे येऊन म्हणालीस, "लता, तोंडावर फोड आलेत, पण बघतात असं की मीच कुठं तोंड काळं करून आले." आणि हसलीस, आणि हसल्यामुळे ओठ फाटून रक्त आलं.

मग मोरीतली गोळी. मावशी सकाळी मोरी धुवायला गेल्या आणि जाळीपाशी त्यांना एक गोळी सापडली. तेवढी एक. त्या गोळीवर त्यांनी केवढा डोंगर रचला. गोळ्या फेकते. मी पोट फाडून दिलं अन् ही गोळ्या फेकते. तू सांगितलंस की ओठ मिटत नाहीत, पाण्याबरोबर बाहेर पडली, लगेच दुसरी घेतली. खरं तेच होतं. पण त्यांना ते पटलं नाही, कारण डॉक्टरही तेच म्हणत होता ना, घेतल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एका बाजूला शिकलेला डॉक्टर, एका बाजूला मोरीतली गोळी, मध्ये तू. कोण ऐकतं तुझं.

मी ऐकत होते. भिंतीपलीकडून तुझ्या मोबाईलचा गजर वाजायचा, पहाटेपासून रात्रीपर्यंत, दर काही तासांनी. गजर बंद झाला की पेल्याचा आवाज. मग थोडा वेळ काही नाही. मग तू कण्हायचीस, गोळी जिभेवरच्या जखमांवरून जाताना. दुपारची गोळी मी द्यायचे. दोन चमच्यांमध्ये दाबून तिचा चुरा करायचा आणि नसीमआपांनी आणून ठेवलेल्या थंडगार फिरनीत कालवायचा. तेवढंच तुझ्या घशाखाली उतरायचं. तू डोळे मिटून, मांडीवरची माझी साडी मुठीत धरून गिळायचीस. चिमूटभर चुरा चमच्याला राहिला तर तोही चाटून घ्यायचीस. असं औषध घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. आणि ही बाई म्हणे गोळ्या चुकवते.

शेवटी संभाजीनगरच्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर भेटली. तिने पहिल्यांदा तुझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, हे तू मला आल्या आल्या सांगितलंस, आजाराचं नाव सांगायच्या आधी. तिने फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल आला तो असा, की हा विषाणू बदलला आहे, त्याला ती गोळी लागू पडत नाही, तुम्ही ती आयुष्यभर घेतली तरी. ती असंही म्हणाली की हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरलेला असतो. घरातल्या कुणीतरी लाडाने पापा घेतला तरी शिरतो, आणि मग तो गपचूप पडून राहतो. यात लाजायचं काही नाही. तुमच्या अंगातली राखण झोपवलेली आहे म्हणून तो उठला, आणि एकच औषध फार दिवस चाललं म्हणून त्याला त्याच्यातून वाट सापडली.

तू मला समजावून सांगितलंस ते मला जास्त कळलं. तू म्हणालीस, भावाच्या कपाशीत बोंडअळी आल्ती तेव्हाचं आठव. पहिल्या फवारणीला पटापट मेली. पण ज्या दोन-चार अळ्या वाचल्या, त्यांची पिल्लं आली ती त्या औषधाला हसणारी. मग भाऊ तेच औषध डबल मारत बसला आणि शेजारी म्हणाले, याला फवारताच येत नाही. तसंच झालंय माझं.

मला इतका आनंद झाला त्या दिवशी. आजार बरा झाल्यासारखा आनंद. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, चल, आत्ताच मावशींना सांगू. तू खोटी नव्हतीस हे त्यांना कळू दे. तू उठली नाहीस.

"आणि पुढचं कोण सांगणार?" तू म्हणालीस.

पुढचं म्हणजे दुसरं औषध. शिरेतून द्यायचं, त्या विषाणूवर चालणारं, पण किडनीवर भारी. कुणाची किडनी टिकते, कुणाची टिकत नाही, असं त्या डॉक्टरबाईंनी तुला आणि भाऊजींना समोर बसवून सांगितलं होतं. तू म्हणालीस की आत्याबाईंना विचारलं आणि त्या नको म्हणाल्या, तर त्यांना माझ्यापेक्षा किडनी प्यारी हे कळल्यावर मी त्या घरात कशी राहू? आणि घे म्हणाल्या, तर त्यांचं दिलेलं मी आपल्या हाताने घालवलं. मला दोन्ही ऐकायचं नाही. त्यापेक्षा खोटारडी म्हणू दे. तेवढं सोसवतं मला.

आपण भांडलो. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी तेव्हाच आवाज चढवून बोलले. मी म्हटलं की हा चांगुलपणा नाही, भित्रेपणा आहे. तू म्हणालीस, भित्रेपणाचं तू मला सांगतेस? आणि मग लगेच माझा हात धरलास आणि स्वतःच्या गळ्याला लावलास. "माझ्या गळ्याची शपथ, लता. आत्याबाईंना कळता कामा नये." मी हात ओढून घेतला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तू ते हो धरलंस. नेहमीसारखं माझ्या वतीने तूच बोललीस.

भाऊजींचं तर बरंच झालं. त्यांना आईसमोर त्या आजाराचं नाव घ्यायला नको होतं. बियाण्याच्या गोदामात दिवसभर मोठमोठ्याने हमालांवर ओरडणारा माणूस, घरात आई बायकोला खोटं पाडते आणि हा ताटातल्या भाकरीकडे बघतो. तुझी शपथ होती म्हणे. तुझ्या बाकीच्या किती इच्छा त्यांनी अशा पाळल्या?

ते औषध इकडे कुठे मिळेना. मुंबईहून यायचं, तेही आज येतं, उद्या येतं. औषध येईपर्यंत तू पाणीही कापसाने घेत होतीस. यालाही कुणी जबाबदार नसतं. फोड वाढायचे थांबत नाहीत, औषधाने मात्र सावकाश यायचं. आलं तेव्हा त्याने काम केलं, हेही खरं. तू दवाखान्यातून मला फोटो पाठवलास, ओठांचा, जवळून, आणि खाली हसरं तोंड. मी तो नसीमआपांना दाखवला. मग लघवी कमी झाली, मग अंगावर सूज, मग छातीत कफ. मी भेटायला आले तेव्हा नळीमुळे तुला बोलता येत नव्हतं. तू नुसती बघत होतीस, आणि मी तुझ्या पायांना तेल लावत बसले. तेव्हा तू मला काही सांगत होतीस का? शपथ सोडवत होतीस की आवळत होतीस, ते मला डोळ्यांवरून कळलं नाही.

तू गेल्यावर घरात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच ऐकवलं गेलं. गोळ्या चुकवल्या. फोड वाढले, जहाल इंजेक्शन द्यायची पाळी आली, किडनी बसली. माझी किडनी मातीत घातली, असं मावशी म्हणायच्या आणि छाती पिटायच्या. रडणं खरं होतं त्यांचं. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

तरी मी गप्प राहिले असते, शोभा. तुझ्या गळ्याची शपथ म्हणजे माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. पण अक्षता माझ्याकडे डबा परत द्यायला आली. मी तिला जवळ घेतलं तर ती ताठ उभी राहिली. म्हणाली, "काकू, मम्मीला जगायचंच नव्हतं ना? म्हणून ती गोळ्या फेकायची." रडत नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगत होती.

तेव्हा मला तुझा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. तू सासूला सांभाळलंस, नवऱ्याची लाज झाकली, आणि या पोरीच्या वाट्याला काय ठेवलंस? आपली आई आपल्याला सोडून जायला निघाली होती, हे. तू याचा विचारच केला नव्हतास. मला माहीत आहे, केला असतास तर घरभर ओरडत फिरली असतीस.

तेराव्याला सवाष्ण म्हणून मला बसवलं. अहेव गेलेल्या बाईच्या नावाने एक सवाष्ण जेवते, तिचे पाय धुतात, ओटी भरतात, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. दुसऱ्या कुणी तुझ्या नावाने बसायला तयार नव्हत्या, कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाचा उपास निघाला. मी पाटावर बसले. मावशींनी स्वतः माझे पाय धुतले. ताटात पुरणपोळी, कुरडई, आमटी. अक्षता तूप वाढत होती. भोकरदनहून आलेली मावशींची बहीण भिंतीला टेकून बसली होती, ती सुस्कारा टाकून म्हणाली, गोळ्या बराबर घेतल्या असत्या तर आज हिच्या जागी तीच बसली असती.

अक्षताने तिच्याकडे बघितलंही नाही. तूप वाढत राहिली. तिला ते आता पाठ झालं होतं.

माझा हात ताटापर्यंत गेला होता, तो मी मांडीवर ठेवला. बाहेर पंगत खोळंबली होती. मावशी म्हणाल्या, घास घे, लता. मी मान हलवली. परत म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, तू असतीस तर काहीतरी बोलून मला सोडवलं असतंस.

मी म्हटलं, "अक्षता, तुझ्या मम्मीने एकही गोळी चुकवली नाही. ते औषधच तिच्या आजाराला लागू पडत नव्हतं. तुझ्या पप्पांना माहीत आहे. ते सांगतील, मग मी घास घेते."

भाऊजी पाण्याचा जग घेऊन दारात उभे होते. मावशी आधी माझ्यावरच चिडल्या, ताटावर बसून असलं बोलू न्हाई म्हणाल्या. मी उठले नाही आणि जेवलेही नाही. एवढंच मला करता येत होतं. बाहेरून कुणीतरी विचारलं, सवाष्ण उठली का? तेव्हा भाऊजींनी जग खाली ठेवला आणि सांगितलं. अडखळत, माझ्याकडे न बघता, पण सगळं. पुण्याचा निकाल, बदललेला विषाणू, तो कुणालाही लहानपणीच लागलेला असतो हेही, आईसमोर, त्या नावासकट. आणि दुसरं औषध, आणि ते किडनीवर भारी असतं हे तुला आधीच माहीत होतं, आणि तू का सांगू दिलं नाहीस.

मावशींचा हात कुशीवर गेला, टाके होते तिथे. मग म्हणाल्या, "मला का न्हाई इचारलं?" मावशींनी परत तेच विचारलं, या वेळेला भाऊजींना नाही, कुणालाच नाही. "मी म्हणले असते, जाऊ दे ती किडनी. मी तिला जगायला दिल्ती. सांभाळून ठेवायला न्हाई दिल्ती."

शोभा, हे तुला सांगायचं होतं. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं, पण हे तोंडी कुणाकडे सांगू? ज्या उत्तराला भिऊन तू तो खोटा आळ अंगावर घेतलास, ते उत्तर हे होतं. तुझी शपथ मी मोडली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या डॉक्टरवरचा राग आहे, भाऊजींवरचा आहे, मुंबईहून सावकाश येणाऱ्या औषधावरचा आहे. मावशींवरचा थोडा उरला आहे. तुझ्यावरचा सगळ्यांत जास्त आहे, कारण तू नुसतं विचारायला हवं होतंस.

मी पोळीचा तुकडा मोडला. अक्षताने तुपाचं भांडं बाजूला ठेवलं, माझ्याशेजारी पाटावर अर्धी जागा करून बसली आणि विचारलं, "खरंच एकही नाही?" मी म्हटलं, एकही नाही. मग ती रडली, आणि रडत रडत माझ्याच ताटात जेवली.